जखडलेला गुडघा

वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या कपाशी-तुरीच्या गावी पहाटे बाजेवरून उठणाऱ्या वृद्धांचे गुडघे प्रथम जखडलेले असतात आणि थोडे चालल्यावर सैल होतात, हे सर्वांच्या अवलोकनातले आहे. कारण मात्र क्वचितच कोणी विचारतो. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्याच नसल्यामुळे तिचे पोषण स्पंजाप्रमाणे, म्हणजे पावलाच्या दाबाने द्रव पिळला जाऊन आणि दाब सुटताच पुन्हा शोषला जाऊन होते. सबब झिजलेल्या गुडघ्याला अहोरात्र विश्रांती देणे त्याच्या हिताचे नव्हे. तेलाच्या मालिशीने ऊब व आराम जरूर मिळतो, परंतु ते तेल सांध्यात उतरत नाही, हे मालिशीच्या कैवाऱ्यांची क्षमा मागून नमूद करतो.

मांडीचा पुढचा स्नायू बळकट असला की तो पावलाचा धक्का स्वतःवर घेतो. म्हणून खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ उचलून क्षणभर धरावा. वजन १ किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी उतरतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी सांधेदुखीत स्वतःची काळजी घेण्याचे असे शिक्षण वैद्यांऐवजी सामान्य माणसांकरवी, ज्यांतले पुष्कळ स्वतः संधिवाताने पीडित होते, देण्याचा प्रघात पाडला. सांधा एकाएकी सुजून लाल व उष्ण झाला, तर मात्र व्यायाम थांबवून दवाखाना गाठावा.