नेमकी आठ अक्षरं

सकाळी ९:३०
आल्या आल्या तक्रार वाचली. ग्राहकाच्या मीटरवर ओळ रिकामी असली की डिस्प्लेवर भलतीच अक्षरं उमटतात, तीही दर वेळी आठ. कधी सहा, कधी नऊ असती तर वायरिंगवर संशय घेतला असता. थेट कोड उघडला.

१०:१५
डिस्प्लेकडे अक्षरं पाठवणारं फंक्शन सापडलं. स्विचच्या पोटात डू-व्हाइल, आणि केस ७, केस ६ ही लेबलं लूपच्या मधोमध पेरलेली. टीममधली नवी मुलगी खुर्ची ओढून बसली. "सर, हे कंपाइल तरी कसं होतं?" होतं. सीमध्ये केस म्हणजे निव्वळ उडी मारायची खूण. ती लूपच्या आत असली तरी चालते.

११:००
कागद घेतला. २० अक्षरं धरली. आठने भागून बाकी ४, म्हणून उडी केस ४ वर. चार अक्षरं जातात, मग पूर्ण आठाच्या दोन फेऱ्या. चोख. आता शून्य धरा. बाकी ०, उडी लूपच्या माथ्यावर. डू-व्हाइल अट तपासतो शेवटी, तोवर आठ अक्षरं गेलेली! फेऱ्यांचा आकडा साइन्ड होता म्हणून तेवढ्यावर भागलं. अनसाइन्ड असता तर शून्यातून एक वजा होऊन थेट अब्जांत गेला असता.

१:००
डब्याबरोबर इतिहास. ही करामत टॉम डफची, १९८३ मधली. लुकासफिल्ममध्ये अ‍ॅनिमेशन दाखवणारा प्रोग्रॅम मंद चालत होता. अट दर आठांमागे एकदाच तपासून त्यानं वेग काढला. त्याला स्वतःलाच तिचा अभिमानही वाटे आणि किळसही. मोजणी शून्यापेक्षा मोठी असणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं. आमच्या कोडात ती करामत आली, ते गृहीतक मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

२:३०
साधा फॉर लूप लिहून वेळ मोजला. फरक जाणवेना. लूप उलगडायचं काम आता कंपाइलर करतो. एक्सफ्री८६ या ग्राफिक्स सर्व्हरच्या ४.० आवृत्तीतून ही करामत काढली तेव्हा तो सर्व्हर अर्ध्या मेगाबाइटने लहान झाला आणि वेगही वाढला.

४:३०
ब्रेक नसलेल्या केस दाखवणारा इशारा जीसीसी या कंपाइलरमध्ये २०१७ पासून आहे; तो चालू केला. निकालाची यादी लांबलचक. गुंतागुंतीचं सी लिहायची स्पर्धा १९८४ पासून भरते, तिथली कोडं मी मिटक्या मारत वाचतो. पण त्या प्रोग्रॅमपायी कुणाला ग्राहकाचा फोन येत नाही.

६:००
बदल मंजूर, शून्य लांबीची चाचणीही जोडली. तुमच्याकडे असा स्विच असेल तर आधी शून्य देऊन बघा.