गाळा आपला, गॅरेज दुसऱ्याचं

बचत गटाच्या बैठकीत हल्ली कर्ज आणि हप्त्यांच्या जोडीला एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. रस्ता रुंदीकरणात जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम खात्यावर आली, किंवा घरधनी निवृत्त झाले आणि फंड मिळाला. मग घरात कुणीतरी म्हणतं, "फाट्यावर एक गाळा विकायला आहे. आत गॅरेजवाला बसलेलाच आहे, भाडं चालू आहे. घेऊन टाकू." ताई विचारतात, घ्यावा का?

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण काय बघायचं, काय विचारायचं आणि गणित कसं मांडायचं, ते नक्की सांगता येतं. आज त्याबद्दल बोलू.

गॅरेजवाला भाडेकरू बरा का वाटतो?

कपड्याचं किंवा मोबाईलचं दुकान एका दिवसात सामान भरून दुसरीकडे जाऊ शकतं. गॅरेजवाल्याचं तसं नसतं. तो कॉम्प्रेसर बसवतो, गाडी वर उचलायचा रॅम्प बसवतो, टायर काढायचं मशीन आणतो. गिऱ्हाईकही जागेला बांधलेलं असतं. "फाट्यावरचा पंक्चरवाला" हीच त्याची ओळख असते. शिवाय मोबाईलवरून साडी मागवता येते, पण गाडीचा ब्रेक मोबाईलवरून नीट होत नाही. त्यामुळे धंदा चांगला चालत असेल तर असा भाडेकरू सहसा टिकतो.

हा विचार आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेत टायरची, ऑईल बदलण्याची, गाड्या धुण्याची दुकानं असलेल्या इमारती लोक केवळ भाड्यासाठी विकत घेतात. एक इमारत, एकच भाडेकरू. तिथे करार दहा, पंधरा, वीस वर्षांचे असतात. पुष्कळ करारांत मालमत्ता कर, विमा आणि देखभाल हे तिन्ही खर्च भाडेकरूच करतो. मालकाच्या हातात निव्वळ भाडं पडतं.

आपल्या फाट्यावर मात्र करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो. घरपट्टी मालक भरतो आणि पत्रा उडाला तर तोही मालकच बसवतो. म्हणून "भाडं एवढं येतं" हे ऐकून थांबायचं नाही. खर्च वजा जाता हातात काय उरतं, ते विचारायचं.

आता वही-पेन घ्या

एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावाचे आकडे तुम्ही घाला.

गाळ्याची किंमत १२ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, किरकोळ दुरुस्ती धरून आणखी १ लाख. म्हणजे आपले १३ लाख गुंतले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात बाईच्या नावाने खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण ती राहत्या घरासाठी आहे. दुकान-गाळ्याला ती मिळत नाही.

भाडं महिना ७,००० रुपये. वर्षाचे झाले ८४,०००. आता वजाबाकी करू. एक महिना गाळा रिकामा राहील असं धरा, ७,००० गेले. घरपट्टी ३,०००, दुरुस्ती ५,०००, विमा २,०००. उरले ६७,०००. तेरा लाखांवर हे पाच टक्क्यांच्या जरासे वर पडतात. आता बँकेत जा, मुदत ठेवीचा आजचा दर विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. गाळ्याची किंमत पुढे वाढू शकते हे खरं. पण ती वाढेलच असं कुणी लिहून देत नाही, आणि ते पैसे गाळा विकल्याशिवाय हातात येत नाहीत.

समजा भाडेकरू सोडून गेला आणि सहा महिने नवा मिळाला नाही. मग भाडं आलं ४२,०००. घरपट्टी, विमा, दुरुस्ती काही थांबत नाही, ते १०,००० गेलेच. उरले ३२,०००, म्हणजे अडीच टक्केही नाही. एकाच भाडेकरूच्या जागेची हीच मोठी अडचण आहे. चाळीत दहा खोल्या असतील आणि एक रिकामी झाली तर नऊ खोल्यांचं भाडं चालू राहतं. इथे एक माणूस गेला की भाडं शून्य.

कर्ज काढून गाळा घेणाऱ्यांनी तर दहा वेळा विचार करावा. ६ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता ७,९०० रुपयांच्या वर जातो. भाडं येतंय ७,०००. म्हणजे गाळा भरलेला असतानाही महिन्याला नऊशे रुपये आपल्या पदरचे, आणि रिकामा असेल तर सगळा हप्ता आपला. "भाड्यातून हप्ता फिटेल" असं कुणी म्हणालं, तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

भाडेकरूकडे आणि रस्त्याकडे बघा

विकणारा म्हणतो भाडं ७,००० आहे. मग मागच्या वर्षभराचं भाडं ज्या बँक खात्यात जमा झालं, त्याचा उतारा मागा. रोखीने घेतो म्हणाला तर भाडेकरूशी स्वतः बोला. किती वर्षं आहात, भाडं किती देता, अनामत किती दिली, पुढे राहणार का? गाळा विकायच्या आधी ओळखीचा माणूस बसवून भाडं जास्त दाखवणारेही असतात. आणि जुन्या मालकाकडची अनामत आपल्याकडे वळती होणार की नाही, हे खरेदीखतातच लिहून घ्या. नाहीतर भाडेकरू जाताना ती आपल्याकडे मागेल.

मग गाळ्यासमोर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास उभं राहा. किती गाड्या येतात? दुचाकी जास्त की ट्रॅक्टर? गाडी वळवून लावायला जागा आहे का, की रस्त्यावरच काम चालतं? रस्त्यावर काम चालत असेल तर एक दिवस नोटीस येणारच.

रस्त्याचंही भविष्य असतं. बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या गाड्या वळतात आणि फाट्यावरचा धंदा बसतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण त्यावर कुठूनही चढता-उतरता येत नाही. ठरलेल्या ठिकाणीच वाट आहे. म्हणून "मोठा रस्ता जवळून जातोय" एवढ्याने गाळ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात जाऊन विचारा, रुंदीकरण आहे का, बायपास आखला आहे का, गाळा रस्त्याच्या हद्दीपासून पुरेसा आत आहे का.

कागद कुठले?

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेतीचा आदेश, बांधकामाची परवानगी आणि आधीची खरेदीखतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुष्कळजण मालकीचा कागद म्हणून दाखवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोणाच्या नावाने लागते ते त्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. बोजा आहे का, वारसांचा वाद आहे का, ते त्यात समजतं. घरपट्टी आणि वीजबिल थकलेलं नाही याचे दाखले व्यवहाराआधी घ्या, नंतर नव्हे.

करारात काय असावं?

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही," असं सर्रास सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे हे चूक आहे. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. याहून महत्त्वाचं म्हणजे लेखी नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागतं.

खर्च फार नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. भाडं ७,०००, मुदत तीन वर्षं, अनामत ४२,००० असेल तर हिशोब असा. तीन वर्षांचं भाडं २,५२,०००. परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरतात, ते तीन वर्षांचे १२,६००. एकूण २,६४,६००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ६६० रुपये, तेही पुढच्या शंभरात मोजतात. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. कागद हाताळणीचे थोडे पैसे वेगळे. एवढ्या पैशासाठी आयुष्याची कमाई उघड्यावर ठेवू नका.

करारात या गोष्टी स्पष्ट लिहा. भाडं बँकेत जमा होईल. दरवर्षी किती टक्के वाढ. किती महिने आधी नोटीस. आत कोणती दुरुस्ती भाडेकरूने करायची आणि छप्पर-भिंतीची कोणी. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. लेखी परवानगीशिवाय जमीन खोदायची नाही, भिंत पाडायची नाही. वीजमीटर आपल्या नावावर असेल तर बिलाची पावती दर महिन्याला दाखवायची.

जळकं ऑईल

गॅरेजला भाड्याने देताना ही बाब वेगळी बघावी लागते. इंजिनमधून काढलेलं काळं ऑईल कायद्याने घातक कचरा धरलं आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. गटारात किंवा मागच्या परड्यात ओतायचं नाही. ते जमिनीत मुरतं आणि शेजारच्या विहिरीला, बोअरला लागू शकतं. गाव तेव्हा भाडेकरूला विचारत नाही, जागेच्या मालकाला विचारतं. अमेरिकेत गॅरेजची जुनी जागा घेताना आधी तिथल्या मातीचा इतिहास तपासतात, कारण तिथे घाण साफ करायचा खर्च मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

आपण काय करायचं? काम चालतं तिथे पक्की फरशी किंवा काँक्रीट हवं. ऑईलसाठी झाकणाचा ड्रम हवा, आणि तो कोण नेतो त्याची पावती हवी. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याकडे परत जायला हव्यात. जुने टायर उघड्यावर पडले की त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. ते छपराखाली ठेवायला सांगा. वेल्डिंग होत असेल तर आग विझवायचं यंत्र हवं, आणि गाळ्याचा विमा काढताना आत गॅरेज आहे हे खरं सांगा. ते लपवलं तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

उद्याची गाडी

बॅटरीवरच्या दुचाकी आता तालुक्याला पण दिसतात. त्यांना इंजिन ऑईल लागत नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. पण टायर झिजतो, ब्रेक लागतो, खड्ड्यात गेली की चाक वाकतं. म्हणून केवळ ऑईल बदलण्यावर जगणाऱ्या भाडेकरूपेक्षा टायर, पंक्चर, धुलाई अशी कामं करणारा पुढच्या दहा वर्षांत जास्त टिकेल असं वाटतं. गाळा घेताना एवढं मात्र बघा, की गॅरेज गेलं तर तिथे खताचं दुकान, गोदाम किंवा पिठाची गिरणी चालेल का? जी जागा एकाच धंद्याच्या कामाची, तिला दुसरा भाडेकरू मिळणं अवघड.

गटाचा पैसा आणि बाईचं नाव

काही गट विचारतात, गटाच्या शिलकीतून गाळा घ्यायचा का? माझं मत, नको. बचत गट ही सहसा नोंदणीकृत संस्था नसते. त्यामुळे खरेदीखत दोन-तीन बायांच्या वैयक्तिक नावावर होतं आणि पुढे त्यांच्या वारसांचा हक्क उभा राहतो. शिवाय तो पैसा बाळंतपणाला, बियाण्याला, शाळेच्या फीला लगेच मिळावा म्हणून जमवलेला असतो. गाळ्यात अडकला की अडचणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

शेवटची गोष्ट. घरच्या पैशाने गाळा घेत असाल तर खरेदीखतात तुमचं नाव असू द्या, निदान जोडीने तरी. भाड्याचा करार तुमच्या नावाने आणि भाडं तुमचं नाव असलेल्या खात्यात येऊ द्या. नाव नसलेल्या बाईला घरधन्याच्या माघारी स्वतःच्याच हक्कासाठी वारस नोंदीच्या मागे फिरावं लागतं, आणि तोवर भाडं कोण घेतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. खरेदीच्या दिवशी सही करताना लाज वाटू देऊ नका. आधी कागद मोठ्याने वाचून घ्या, मग सही करा.

आज एवढंच. नमस्कार.