संगणकावरील पत्त्यांची वांटणी

कर्जतच्या पत्रावर ४१०२०१, खालापूरच्या पत्रावर ४१०२०२ व खोपोलीच्या पत्रावर ४१०२०३ हे अंक घालितात, हें बालवाचकांस ठाऊक असेलच. पहिले पांच अंक तिन्ही गांवांचे एकच. शेवटचा तेवढा निराळा. नेरळचे अंक मात्र ४१०१०१, म्हणजे तें चौथ्या अंकापाशींच वेगळें होतें. ही पिन पद्धति दळणवळण खात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिली, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती चालू झाली. तिच्यांतील पहिले तीन अंक छाननीचा जिल्हा सांगतात, पुढील तीन वांटप करणारी कचेरी. छाननी करणारा मनुष्य पाकीट फोडून मजकूर वाचीत नाहीं; अंक पाहून तो पत्र त्या त्या खणांत टाकितो.

जावा भाषेंत रचलेल्या संकेतस्थळाचें कामही असेंच चालतें. तेथें निरनिराळ्या कामांसाठीं निरनिराळे प्रोग्राम असतात. त्यांस सर्व्हलेट म्हणतात. आपण त्यांस कारभारी म्हणूं. आलेली मागणी कोणत्या कारभाऱ्याकडे धाडावयाची हें टॉमकॅटसारखा सर्व्हर पत्त्यावरून ठरवितो, व त्यासाठीं पत्त्यांचे नमुने ‘वेब.एक्सएमएल’ नामक टिपणांत आधींच लिहून ठेवितात. २००९ सालापासून ते कारभाऱ्याच्या माथ्यावरच लिहिण्याचीही सोय झाली आहे.

एखाद्या शाळेच्या संकेतस्थळावर चार नमुने आहेत असें समजा: ‘/गुण/दहावी’, ‘/गुण/*’, ‘*.पीडीएफ’ आणि नुसती ‘/’. तारकेच्या जागीं कांहींही चालतें. सर्व्हर प्रथम हुबेहूब जुळणारा नमुना शोधितो. तो न मिळाल्यास आरंभ जुळणाऱ्या नमुन्यांपैकीं सर्वांत लांब तो घेतो. तसाही नसेल तर पत्त्याचें शेपूट पाहतो. कांहींच न जुळल्यास मागणी ‘/’ च्या कारभाऱ्याकडे जाते, आणि त्याच्यापाशींही तें पान नसेल तर ४०४ हा सुप्रसिद्ध आंकडा आपल्या पदरीं पडतो. आतां ‘/गुण/नववी/पत्रक.पीडीएफ’ ही मागणी कोणाकडे जाईल? बहुतेक मुलें पीडीएफच्या कारभाऱ्याचें नांव घेतात. परंतु आरंभाचा मान शेपटापूर्वींचा, म्हणून ती ‘/गुण/*’ कडे जाते. टिपणांत कोणता नमुना वर व कोणता खालीं लिहिला आहे, यास येथें महत्त्व नाहीं. एकच नमुना दोघां कारभाऱ्यांस दिला तर मात्र आजचा टॉमकॅट तें संकेतस्थळ सुरूच करीत नाहीं.

टपालाची उपमा एके ठिकाणीं लंगडी पडते. पिनमध्यें एकेक अंक पाहतात. येथें दोन तिरक्या रेघांमधील सबंध शब्द जुळावा लागतो. त्यामुळें ‘/गुण/*’ हा नमुना ‘/गुण’ व ‘/गुण/२७’ या दोहोंस लागतो, पण ‘/गुणपत्रक’ यास लागत नाहीं. आणि तिरकी रेघ विसरून ‘/गुण*’ असें लिहिलें तर ती तारका नुसतें एक अक्षर होऊन बसते!

संकेतस्थळाचीं कुलुपेंही ह्याच नमुन्यांनीं लागतात. प्रस्तुत लेखकानें पूर्वीं एका शाळेसाठीं हें काम केलें, तेव्हां गुणांच्या पानांस परवलीचा शब्द हवा म्हणून कुलुपाच्या जागीं ‘/गुण’ एवढेंच लिहिलें. ‘/गुण’ उघडतांच परवलीचा शब्द विचारला जाई, त्यामुळें काम झालें असें वाटलें. पुढें एका पालकांनीं आपल्या मुलीच्या ‘/गुण/२७’ ह्या पत्त्यांतील २७ च्या जागीं सहज २८ घातले. तों परवलीचा शब्द न देतांच दुसऱ्या मुलाचें प्रगतिपुस्तक समोर उभें राहिलें. तीन विषयांत तो मुलगा नापास होता. त्यांनीं तें पान मिटून केवळ लेखकास कळविलें, हे त्यांचे मोठे उपकार. ‘/गुण’ हा हुबेहूब नमुना. ‘/गुण/२८’ त्याच्या बाहेरचा. त्याच रात्रीं त्यापुढें ‘/*’ जोडलें. पण कुलुपाच्या आंत आलेला विद्यार्थी दुसऱ्याचा क्रमांक मागूं लागला तर नमुना त्यास अडवीत नाहीं. म्हणून मागणारा कोण व क्रमांक कोणाचा, हें कारभाऱ्याकडूनच तपासून घेण्याची व्यवस्था दुसऱ्या दिवशीं करावी लागली.