वाँटेज ते केडगाव : रमाबाईंचे समर्पण

पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली आणि मग निर्णय पित्यावर सोपवला. ख्रिस्ती समर्पणाचा मूळ नमुना हाच. त्यात मागणे आहे, घालमेल आहे आणि शेवटी स्वतःहून दिलेला होकार आहे. पण देवाची इच्छा कोणती, हे ठरवायचे कोणी? हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी थेट चर्चलाच विचारला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. आज्ञापालनाचे व्रत घेऊन जगणाऱ्या या सिस्टरला, नव्या ख्रिस्ती व्यक्तीने चर्चचे ऐकावे हे उघडच वाटे. रमाबाईंना ते उघड वाटेना. क्रुसावर लॅटिन अक्षरे का? आमच्या लोकांना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले. तेही त्यांना मानवले नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडात मान द्यायची नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये जेराल्डिनना स्पष्ट कळवले. देवाची आज्ञा मात्र आपल्याला शिरसावंद्य आहे, हेही त्यांनी लपवले नाही. जेराल्डिनना यात अहंकार दिसला. हा सारा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

बायबल दोघींच्याही बाजूने बोलते. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असे पौल रोमकरांना लिहितो. तर न्यायसभेने उपदेशाला बंदी घातली तेव्हा माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे, असे पेत्र ठणकावतो. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे इफिसकरांस पत्रातले वचन पुष्कळांना पाठ असते. त्याच्या लगेच आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे म्हटले आहे, आणि पुढे पतीने पत्नीवर, ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती करावी, असे. मधलेच वचन उचलले की समर्पणाची सक्ती होते.

रमाबाईंच्या स्वतःच्या साक्षीप्रमाणे, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९१च्या सुमारास, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळायचा आहे. त्यांचे खरे समर्पण तिथून सुरू झाले, आणि ते दिसले कामात. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य भारतात फिरून त्यांनी शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या. त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. साध्या बायकांना कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते छापले मुक्तिसदनातल्याच मुलींनी. १९२१ साली मनोरमा गेली, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते.

बिशपांपुढे न वाकलेली ही बाई दुष्काळातल्या पोरींसाठी राबली, यात विसंगती नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी गुरूने शिष्यांचे पाय धुतले; म्हणजे ख्रिस्ती परंपरेत वाकण्याची पहिली पाळी अधिकार असलेल्याची. इतरांकडून समर्पण मागणाऱ्या पाळकाला, पतीला किंवा संस्थेला ही कसोटी लावायचा हक्क प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे. रमाबाईंनी तो बजावला आणि स्वतःलाही त्यातून सूट दिली नाही.