जुनी पोलो, व्हेंटो घेताय? टोकन देण्याआधी एवढं बघा

तालुक्याच्या बाजारात सध्या एक गंमत दिसते. जुन्या स्विफ्टच्या किमतीत, कधी त्याहून कमी भावात फोक्सवॅगनची पोलो किंवा व्हेंटो मिळते. दार लावलं की ठप्प आवाज येतो, पत्रा जाड वाटतो, हायवेला गाडी चिकटून चालते. गाडी चांगलीच आहे, पुण्याजवळ चाकणला तयार झालेली. पोलो २०१० मध्ये आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. पण स्वस्त मिळते त्यामागे कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा पुढच्या खर्चात दडलेलं असतं.

सगळ्यात आधी गिअर. टीएसआय गाडी ऑटोमॅटिक असेल, तर तिच्यात बऱ्याचदा सात गिअरचा डीएसजी बॉक्स असतो. यात दोन कोरडे क्लच असतात आणि गिअर टाकायचं काम मेकाट्रॉनिक नावाचं युनिट करतं. गर्दीत सारखी रांगत चाललेली गाडी असेल तर हा भाग थकतो. दुरुस्ती लाखाच्या पुढे जाऊ शकते. म्हणून नुसती मोकळ्या रस्त्यावर पळवून बघू नका. अर्धा तास चालवून इंजिन तापू द्या, मग बाजाराच्या गर्दीत हळूहळू चालवा, चढावर थांबवून पुन्हा उचला, रिव्हर्स घ्या. गाडी थरथरली, झटका बसला किंवा डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह लुकलुकलं, तर तिथूनच माघारी फिरा. मॅन्युअल गिअरवाल्याला ही भीती नाही, आणि गावाकडे खरं तर तीच गाडी सोयीची.

डिझेल गाडीत टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. "बदललाय हो, काळजी करू नका" हे बिल नाही. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून कमी करून घ्या.

बॉनेट उघडून कूलंटची टाकी बघा, पण इंजिन थंड असताना. त्यात गुलाबी-जांभळट पाणी असायला हवं. गढूळ किंवा तांबूस दिसलं तर कुणीतरी बोअरचं पाणी ओतलंय समजा. क्षार साचतात, गंज धरतो. गाडीखाली वाकून ऑइलचं चेंबरही तपासा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर त्यालाच आधी ठोकतात.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. तो मागे फिरवता येतो. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून बघा, आणि चेसिस नंबरवरून जुनी सर्व्हिस निघते का विचारा. डिझेल गाडी २०१५ किंवा त्याआधीची असेल, तर तेव्हाच्या रिकॉलचं काम झालं का तेही तिथेच कळेल. धुराच्या प्रकरणात त्या वर्षी भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवल्या होत्या. दुसरी चावी मागायला विसरू नका. ती नसेल तर नवी कोडिंग करून घ्यावी लागते, आणि ती महाग पडते.

आता कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कर्ज विकणाऱ्याचं असलं तरी गाडी बँक तुमच्या दारातून उचलते. ई-चलान बघा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी लागते, शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशोब केला की स्वस्ताई बरीच उतरते.

फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या की थांबू नका. ३० दिवसांत नाव ट्रान्सफरला टाका आणि १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. टीटी फॉर्म तसाच कप्प्यात ठेवून गाडी वर्षभर फिरवणारे गावोगावी आहेत. अपघात झाला की विमा कंपनी आधी आरसीवरचं नाव बघते.