जुने मेज, नवा रंग

दिल्लीत बदलीवर येणाऱ्या मराठी कुटुंबापुढे घर मिळाल्यानंतरचा पहिला प्रश्न सामानाचा असतो. नागपूरहून अथवा मुंबईहून अवजड कपाटे आणावीत तर वाहतुकीचा खर्च फार. नवे घ्यावे तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली ठरलेलीच. अशा वेळी शेजारची एखादी अनुभवी गृहिणी सुचविते, "अमर कॉलनीत एक फेरी मारून तरी या!"

फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांकरिता वसविलेल्या लाजपतनगरचाच हा भाग. येथील बाजारात आरामखुर्च्या, मेजे, आरशांची कपाटे एकावर एक रचून ठेवलेली आढळतात. कीर्तिनगरचा बाजार याहून मोठा, परंतु तेथे भर नव्या सामानावर. जुन्याची हौस असणाऱ्याने अमर कॉलनी गाठावी, तीही दिवसाउजेडी. कारण दिव्याखाली ताजे पॉलिश कोणत्याही लाकडाला साग बनविते.

"जुने ते सोने" ही म्हण या बाजारात जरा जपूनच वापरावी. खण पूर्ण बाहेर काढून त्याची न रंगविलेली मागची बाजू पाहा. लाकडाची खरी ओळख तेथेच पटते. कडेला भुश्शाच्या फळीचे दाणे दिसले, तर ते सामान पाणी लागताच फुगणार हे ओळखावे. बारीक छिद्रांतून ताजी पूड गळत असेल तर आत कीड जिवंत आहे. ती पैसे देऊन घरी आणण्याचे कारण नाही. साग ओळखावा तो सोनेरी-तपकिरी रंगावरून, तेलकट स्पर्शावरून आणि चामड्यासारख्या वासावरून. विक्रेता ज्याला शीशम म्हणतो ते मात्र आपले शिसव नव्हे; भावकीतलेच, पण निराळे झाड आहे. टिकण्यात तेही कमी नाही.

टाकाऊ ठरलेल्या सरकारी सामानाचीही कधी कधी गंमत होते. चंडीगढ उभारताना पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली कचेऱ्यांसाठी साग व वेत यांच्या ज्या खुर्च्या घडविण्यात आल्या, त्या पुढे निकामी म्हणून लिलावात निघाल्या आणि परदेशांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांच्या विक्रीस आणि निर्यातीस मनाई करावी लागली.

आमच्या वाट्याला असे घबाड आले नाही. आले ते शाळकरी कन्येसाठी घेतलेले लिहिण्याचे एक मेज, गडद हिरव्या तैलरंगाने माखलेले. एका कोपऱ्यात रंग उडाला होता आणि तेथून साग डोकावत होता. घरी येताच आम्ही बैठकीच्या खोलीतच काचकागद घेऊन बसलो. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली पांढरा. तासाभरात जमिनीवर रंगीत धुळीचा थर साचला आणि त्यातूनच रांगत धाकटे चिरंजीव मेजाच्या पायापाशी आले. त्यांची बोटे तोंडात होती. सायंकाळी एका रसायनतज्ज्ञ स्नेह्यांना हा पराक्रम सहज दूरध्वनीवर सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "रंग किती वर्षांचा आहे?"

वाचकहो, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावयास हवा होता. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. पांढरा सफेदा, तांबडा शेंदूर आणि पिवळ्या-हिरव्या छटांना तेज आणणारा लेड क्रोमेट ही सारी शिशाचीच संयुगे होत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो उत्पादकांना लागू झाला. त्यापूर्वीचा रंग शिसेयुक्त आहे असे धरूनच चालावे. लहान मुलांच्या शरीरात शिसे सहज शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला त्याची अल्प मात्राही बाधते. आम्ही दोन्ही मुलांचे रक्त तपासून घेतले. चिंतेचे कारण निघाले नाही. परंतु अहवाल येईपर्यंतच्या त्या चार दिवसांत मेजाकडे पाहण्याचीही इच्छा होत नसे.

पुढील काम गच्चीवर झाले, मुलांना वर येण्यास मनाई करून. खाली प्लॅस्टिकचे कापड अंथरले. तोंडावर एन-९५ मुखपट्टी बांधली, हातांत मोजे घातले. रंग सतत ओला ठेवून पात्याने खरवडला आणि उरलेला पाण्यात भिजवावयाच्या काचकागदाने घासला. खरवड पिशवीत बांधून टाकली. झाडूऐवजी ओले फडके वापरले, कामाचे कपडे वेगळे धुतले. काही कारागीर जुना रंग ज्योतीने भाजून काढतात. शिशाची वाफ होण्याचा धोका असल्याने तसे कदापि करू देऊ नये. आणि पाळणा अथवा बाळाची खाट जुनी व रंगविलेली असेल, तर ती कितीही स्वस्त मिळो, घेऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

लाकूड उघडे झाल्यावर प्रश्न येतो तो स्टेन द्यावा की पुन्हा रंग. साग व शीशम यांच्या रेषा झाकणे म्हणजे अन्यायच. तेथे स्टेन द्यावा, कारण तो लाकडात मुरतो आणि रेषा दिसू देतो. मात्र जुन्या पॉलिशचा अंशही राहिला तर ठिपके उमटतात. यास्तव आधी मेजाच्या खालच्या अंगाला लावून पाहावे. हलके किंवा ठिगळे जोडलेले लाकूड असेल, तर लांबी भरून, घासून, शिसेविरहित रंग देणे शहाणपणाचे.

स्टेन वाळल्यावर चपड्याचे पॉलिश. झारखंड व छत्तीसगढच्या जंगलांत कुसुम, पळस, बोर या झाडांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, तिच्यापासून चपडा बनतो. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटात सुमारे २०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवावा आणि गाळून घ्यावा. कापसावर मलमल बांधून पुरचुंडी करावी, ती द्रावणात भिजवून हलक्या हाताने फिरवावी. थांबली की तेथे डाग पडलाच. जवळपास शेगडी किंवा उदबत्तीही नसावी. कोणी जवसाचे तेल वापरीत असेल, तर त्याच्या चिंध्या चुरगाळून टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

ऋतूही पाहावा लागतो. श्रावणातल्या दमट हवेत चपडा पांढुरका पडतो. ज्येष्ठातल्या लूने तो हात फिरण्याआधीच सुकतो, शिवाय ओल्या पॉलिशवर धूळ येऊन बसते. आम्ही फाल्गुनातले रविवार निवडले. दिल्लीची हवा त्या दिवसांत कारागिराला अनुकूल असते.

सहा हात झाले तेव्हा सागाच्या रेषा उन्हात झळकू लागल्या आणि कन्येने वह्या आणून मांडल्या. खण सरकवून पाहताना त्याच्या आतल्या कडेला हिरव्या रंगाची बोटभर रेघ राहून गेलेली दिसली. वह्या उचलून ठेवाव्या लागल्या. ओला काचकागद, पाते आणि मुखपट्टी घेऊन पुढचा रविवारही गच्चीवरच गेला.