पडद्यामागचा रॉक अँड रोल

विदर्भातल्या चित्रपटगृहांना वितरकांच्या बोलीत अजून ‘सी. पी. बेरार’ म्हणतात, अमरावती हे त्या धंद्याचं जुनं ठाणं. पुलगावसारख्या गिरणीच्या गावात ट्रम्पेट आणि ड्रम्सचा दणका पोचायचा तो सिनेमातून, नाहीतर रेडिओ सिलोनवरून.

ते संगीत हिंदी पडद्यावर आणणाऱ्यांत अग्रणी सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शास्त्रीय संगीत शिकलेल्या या माणसाने १९५१च्या ‘अलबेला’त भगवानदादांना स्विंगवर नाचवलं, आणि १९५७च्या ‘आशा’साठी ‘ईना मीना डीका’ बांधलं.

त्याच सुमारास अमेरिकेत रॉक अँड रोलच्या चित्रपटांची लाट आली होती. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ (१९५६) सॅम कॅट्झमनने झटपट आणि स्वस्तात उरकला. कथा नावापुरती, एकामागून एक बँड, आणि बिल हॅली व त्याचे साथीदार आधीच गाजलेल्या रेकॉर्डवर वाजवल्याचा अभिनय करतात. इंग्लंडमध्ये पोरं थिएटरात उठून नाचली, काही गावांनी चित्रपटावर बंदी घातली. पण खुर्चीवरून उठवणारी ती ऊर्मी कॅमेऱ्याला पकडता आली नाही. तरी वाजवणारे तिथे निदान दिसतात.

आपल्याकडे उणीव वेगळी, आणि मला ती जास्त बोचते. गाणं नव्याने ध्वनिमुद्रित व्हायचं, गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र, बहुतेकदा एकाच माइकभोवती. चाल संगीतकाराची, ती वाद्यांत वाटून स्वरलिपीत उतरवायचे गोव्याचे अरेंजर. मग सेटवर ते गाणं लावून नट नाचायचा आणि कॅमेरा नटावरच खिळायचा. ट्रम्पेटवाला कुठे? बहुधा दुसऱ्या स्टुडिओत, पुढच्या गाण्याच्या तयारीत.

म्हणून ‘अलबेला’तलं ‘दीवाना परवाना’ पुन्हा पुन्हा पाहावं. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियु शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, तिथे आपल्या बँडसह साक्षात पडद्यावर आहे. ‘ईना मीना’तल्या कोकणी ‘माका नाका’चं श्रेय जॉन गोम्स या गोव्याच्या वादकाला देतात, ते शब्द सर्वांच्या ओठी, नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

राजा नवाथ्यांच्या ‘गुमनाम’ने (१९६५) कोंडी अर्धी फोडली. ‘जान पहचान हो’त टेड लायन्स आणि त्याचा ‘कब्स’ हा बँड समोर वाजवताना दिसतात, मुखवटे घातलेले नर्तक आणि लक्ष्मी छाया मान झोकून नाचतात, कॅमेराही त्यांच्यासोबत झेपावतो. ओठ हलवतो हर्मन बेंजामिन, आवाज रफीसाहेबांचा. २००१मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाची सुरुवातच या गाण्याने झाली आणि जग ते नव्याने शोधू लागलं. चिक चॉकलेटला हे कौतुक लाभलं नाही. तो १९६७मध्येच गेला होता.